घरचे दफ्तर – लेखांक ४ : दूरच्या दाराचे मोर्तब

मागील लेखांकात आपण घरातील जुन्या संगणकावर लिनक्स बसवून नेक्स्टक्लाउड उभे केले, आणि खसऱ्याच्या नकला, संत्र्याच्या बागेचे हिशेब व लग्नकार्यांची छायाचित्रे परक्या कंपनीच्या कोठारातून स्वतःच्या घरी आणली. आता प्रश्न उरतो तो दाराचा. पांढुर्ण्याच्या घरातील हे दफ्तर नागपुरास शिकणाऱ्या मुलीला किंवा कामानिमित्त सौंसरला गेलेल्या आपणांस उघडता यावे, आणि तरीही वाटेवरच्या कोणास ते उघडता येऊ नये, याची तजवीज काय?

हाच प्रश्न १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातील तातू युलोनेन यांच्यापुढे उभा राहिला. विद्यापीठाच्या जाळ्यावर पाळत ठेवून कोणी तारेवरून उघडे जाणारे पासवर्ड टिपून घेतले होते; त्या अनुभवातून त्यांनी सारा संवाद गूढलिपीत गुंडाळून नेणारी एसएसएच ही पद्धती रचली. पुढे १९९९ साली ओपनबीएसडीच्या मंडळींनी ओपनएसएसएच सर्वांसाठी मुक्तपणे खुले केले, आणि आज लिनक्सच्या सर्व्हरांचा दूरस्थ कारभार बहुतांशी त्याच्याच भरवशावर चालतो.

पासवर्ड हा परवलीचा शब्द होय. ज्याच्या कानी पडला तो आत शिरला. किल्लीची रीत निराळी असून आपल्या जुन्या कागदपत्रांशी परिचय असणाऱ्यास ती सहज उमजेल. जुन्या मराठी पत्राच्या अखेरीस मोर्तब उमटे. त्याचा ठसा घेणाऱ्यास ओळखीचा असे, परंतु शिक्का मात्र धन्याच्याच ताब्यात राही. एसएसएचची सार्वजनिक किल्ली म्हणजे सर्व्हरापाशी ठेवलेली ती ओळख, आणि खाजगी किल्ली म्हणजे तो शिक्का. भेद इतकाच, की कुशल कारागीर ठसा पाहून बनावट शिक्का कोरू शके. येथे सार्वजनिक किल्लीवरून खाजगी किल्ली घडवणे आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर आहे, आणि दर भेटीस नवे मोर्तब उमटत असल्याने जुने चोरूनही उपयोग नाही.

कृती अशी. आपल्या लॅपटॉपवर ‘एसएसएच-कीजेन’ ही आज्ञा देऊन ‘ईडी२५५१९’ जातीची जोडी तयार करावी व खाजगी किल्लीस लांब सांकेतिक वाक्याचे कुलूप घालावे. जोडीतील ‘पब’ या अक्षरांनी संपणारी फाइल तेवढी सर्व्हरावर पाठवावी. दुसरी कोणासही, ईमेलनेसुद्धा, देऊ नये. किल्लीने प्रवेश मिळतो अशी खात्री झाल्यावरच सर्व्हराच्या व्यवस्थापत्रात ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन’ यापुढे ‘नो’ लिहावे, आणि रूट या सर्वाधिकारी नावाने होणारा थेट प्रवेशही बंद करावा. हा बदल अंमलात आणताना पहिली खिडकी उघडीच ठेवून दुसऱ्या खिडकीतून प्रवेश करून पाहावा. मी एकदा नागपुरात बसून हे पथ्य न पाळता खिडकी मिटली, आणि एका अक्षराच्या चुकीपायी सर्व्हरासमोर बसण्याकरिता मला पांढुर्ण्यास परतावे लागले.

एवढा बंदोबस्त अनाठायी नाही. सर्व्हर महाजालास उघडा करून त्याची नोंदवही वाचावी, म्हणजे ‘रूट’, ‘ॲडमिन’ अशी नावे घेऊन दार ठोठावणाऱ्या अनोळखी यंत्रांची रांगच दिसते. पासवर्डच बंद असल्यावर त्यांचे अंदाज निष्फळ ठरतात.

शेवटी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून कागद जमवले आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, तो घराघरांनी आपली दफ्तरे जपली म्हणून. वाळवीने खाल्लेले दफ्तर आणि किल्ली हरवल्याने बंद पडलेले दफ्तर, दोन्ही वारसांना सारखीच अप्राप्य. आपल्याकडील जुन्या कागदांवर छिंदवाडा जिल्ह्याचा शिक्का आहे, २०२३ पासूनच्या कागदांवर पांढुर्ण्याचा. पुढच्या पिढीस हे दोन्ही लागतील. म्हणून या आठवड्यात खाजगी किल्लीची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी, सांकेतिक वाक्य कागदावर लिहून वेगळ्या लखोट्यात बंद करावे, आणि दोन्ही कोठे ठेवली आहेत हे घरातील एका विश्वासू माणसास सांगून ठेवावे.