घरची कोल्ड कॉफी दाट का होत नाही?



मे महिना आला की आपल्या मराठी घरांत, मग ती इंदूरला असोत, हैदराबादला असोत की दिल्लीला, नातवंडं सुट्टीला येतात आणि एक फर्माईश ठरलेली असते: आइस्क्रीम घातलेली कोल्ड कॉफी. तक्रारही ठरलेली असते: "आजोबा, कॅफेतल्यासारखी दाट नाही झाली." हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला, की आजचा भाग त्यालाच दिलाय.

फौजेत ब्रीफिंग देताना मुख्य मुद्दा आधी सांगायची सवय लागते. तो असा: दाटपणा आइस्क्रीममधल्या बर्फाच्या बारीक कणांमुळे, हवेच्या बुडबुड्यांमुळे आणि दुधाच्या स्निग्धांशामुळे येतो. आइस्क्रीम पूर्ण वितळलं की बर्फाचे कण संपतात, हवा निघून जाते आणि उरतं गोड दूध. म्हणून आपली सगळी धडपड आइस्क्रीम अर्धवट गोठलेलं ठेवून ग्लासापर्यंत पोचवण्याची आहे.

सामान आणताना

आइस्क्रीमच्या डब्यावरचं नाव नीट वाचा. 'आइस्क्रीम' असं लिहायचं तर त्यात किमान 10 टक्के दुधाचा स्निग्धांश लागतो. 'मीडियम फॅट' आणि 'लो फॅट' हे त्याखालचे प्रकार. 'फ्रोझन डेझर्ट' लिहिलं असेल तर त्यात वनस्पती तेल किंवा वनस्पती चरबी वापरलेली असते. ते विकायला कायद्याची मनाई नाही, पण आपण पैसे कशाचे देतोय हे आपल्याला माहीत असावं.

दुसरी गोष्ट वजनाची. नियमाप्रमाणे एक लिटर आइस्क्रीमचं वजन किमान 525 ग्रॅम भरलं की पुरतं. म्हणजे डब्यात जवळपास निम्मी हवा असू शकते. त्यामुळे 'चार स्कूप घ्या' या मापाला फारसा अर्थ नाही. घरात काटा असेल तर वजन करून घ्या.

दूध फुल क्रीम घ्या. पिशवीचा रंग कंपनीप्रमाणे आणि राज्याप्रमाणे बदलतो, बदली होऊन नव्या गावी गेलेल्यांना हे चांगलं ठाऊक आहे. म्हणून रंगावर न जाता आकडे वाचा: फुल क्रीममध्ये स्निग्धांश किमान 6 टक्के, टोन्डमध्ये 3 टक्के. सुटं दूध असेल तर ते उकळूनच घ्यायचं, मग फ्रिजमध्ये पूर्ण गार करून साय काढायची. साय राहिली तर शेकमध्ये तिचे तुकडे तोंडात येतात.

कॉफीच्या पाकिटावर चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं, तेही बघा. चिकोरीने रंग आणि कडवटपणा येतो, पण कॉफीचा वास येत नाही. मी इथे बेंगळुरूला राहतो, त्यामुळे पुष्कळदा फिल्टरचा पहिला घट्ट डिकॉक्शन वापरतो. पण झटपट विरघळणारी साधी कॉफी पावडरही चालते.

प्रमाण आणि कृती

दोन मध्यम ग्लासांसाठी:

व्हॅनिला आइस्क्रीम 250 ग्रॅम
गार दूध 150 मिलिलिटर
झटपट कॉफी पावडर 2 लहान चमचे, म्हणजे साधारण 4 ग्रॅम
गरम पाणी 2 मोठे चमचे
चिमूटभर मीठ

साखर नाही आणि बर्फही नाही. बर्फाने शेक गार होतो खरा, पण पाच मिनिटांत तोच बर्फ पाणी होऊन चव पातळ करतो. फारच उन्हाळा असेल तर आदल्या रात्री थोडं दूध बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि त्याचे दोन-तीन खडे घाला.

कॉफी गरम पाण्यात विरघळवून आधी फ्रिजमध्ये गार करा. कोमट कॉफी ओतलीत तर आइस्क्रीम तिथेच हरलं. नेहमीच्या गरम कॉफीपेक्षा ही कडक लागेल, तशीच हवी. थंड पदार्थात जिभेला चव कमी कळते. डिकॉक्शन वापरणार असाल तर तो चार मोठे चमचे घ्या आणि दूध तेवढंच कमी करा.

मिक्सरचं भांडं आणि स्टीलचे ग्लास पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. आइस्क्रीम मात्र पाच मिनिटं आधी बाहेर काढा. घरचा फ्रीझर उणे 18 अंशांच्या आसपास असतो, तिथलं आइस्क्रीम दगडासारखं असतं आणि पात्याखाली फिरत नाही. मग आपण मिक्सर चालवतच राहतो आणि सगळं वितळवून बसतो.

आता क्रम. आधी दूध, कॉफी आणि मीठ घालून दहा सेकंद फिरवा, फेस येईल. मग आइस्क्रीम घाला आणि बटण मागे फिरवून दोन-दोन सेकंदांचे तीन-चार झटके द्या. संपलं. आपला मिक्सर वाटण-घाटणासाठी बनलेला आहे. त्याचं पातं जोरात फिरतं आणि घर्षणाने ऊष्णता तयार करतं. प्रत्येक जादा सेकंद दाटपणा कमी करतो. बारीक गुठळ्या राहिल्या तर राहू द्या, त्या ग्लासात शेक गार ठेवतात.

फार घट्ट झाला तर चमचाभर दूध घाला. पातळ झाला तर पुन्हा फिरवू नका, वर आइस्क्रीम घालून चमच्याने ढवळा. वीज गेली असेल तर खोल पातेल्यात रवीने घुसळा. मऊ आइस्क्रीमचा शेक रवीनेही छान होतो.

एक सूचना: डब्यातलं आइस्क्रीम वितळलं असेल तर ते पुन्हा गोठवू नका. ते खरखरीत होतं, शिवाय वितळलेल्या अवस्थेत त्यात जंतू वाढू शकतात.

हा ग्लास कोणासाठी किती?

आता महत्त्वाचं, कारण आपल्यापैकी बरेच जण साठीच्या पुढचे आहेत. व्हॅनिला आइस्क्रीममध्ये शंभर ग्रॅमला साधारण 15 ते 20 ग्रॅम साखर असते. म्हणजे वरून चिमूटही न घालता एका ग्लासात 19 ते 25 ग्रॅम साखर गेली. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये प्रौढांसाठी वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला 25 ग्रॅमच्या आसपास ठेवायला सांगितलं आहे. एका ग्लासात दिवसाचा कोटा संपला!

माझ्या पत्नीला मधुमेह आहे. तिच्यासाठी मी आइस्क्रीम 50 ग्रॅमच घेतो आणि दाटपणा गोठवलेल्या दुधाच्या खड्यांवर आणतो. ग्लासही लहान असतो आणि त्या दिवशी दुसरं गोड नाही. तुमच्या बाबतीत काय चालेल ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

नातवंडांचा प्रश्न कॅफिनचा. वरच्या प्रमाणात एका ग्लासात सुमारे 60 मिलिग्रॅम कॅफिन येतं. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने मुलांसाठी दिवसाला किलोमागे 3 मिलिग्रॅम ही मर्यादा धरली आहे. 20 किलोच्या मुलासाठी ती 60 होते, म्हणजे आपला एक ग्लास मर्यादेवरच. चहा, कोला आणि चॉकलेटमधलं कॅफिन वेगळं. म्हणून लहानांसाठी कॉफी पाव चमचा पुरे, रंग हवा असेल तर कोको थोडा घाला. आणि मोठ्यांनीही हा शेक दुपारी प्यावा. कॅफिनचा अर्धा भाग शरीरातून जायला चार-पाच तास लागतात. रात्री जेवणानंतर प्यालात तर बारा वाजता छताकडे बघत पडाल.

तेव्हा भांडं गार, कॉफी गार, मिक्सर कमी आणि ग्लास लहान, एवढं लक्षात ठेवा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद!