फिल्मवरचा मेंदू, अंगणातले मूल

मेगॅलएन्सेफॅलिक ल्युकोएन्सेफॅलोपॅथी विथ सबकॉर्टिकल सिस्ट्स, थोडक्यात एमएलसी, हा मेंदूच्या पांढऱ्या भागाचा आनुवंशिक आजार आहे. तो तान्हेपणी सुरू होतो आणि वर्षानुवर्षे हळूहळू वाढत जातो. जगभर अत्यंत विरळा असलेल्या या आजाराचे भारतातले बहुतेक रुग्ण अग्रवाल समाजात सापडले आणि त्यांची पहिली नीट नोंद मुंबईत झाली. बॉम्बे हॉस्पिटलचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. भीमसेन सिंघल आणि त्यांचे सहकारी गुरसहानी, बिनीवाले व उदानी यांनी १९९१ साली टोकियोतील आशियाई मेंदूविकार परिषदेत हे रुग्ण मांडले. १९९५ मध्ये नेदरलँड्सच्या मार्जो व्हान डर क्नाप यांनी अशाच आठ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. सिंघल आणि मंडळींचा सविस्तर निबंध १९९६ चा. परदेशी पुस्तकांत आजाराला व्हान डर क्नाप यांचे नाव मिळाले असले, तरी मुंबईचे काम आधीचे आहे, हे मराठी वाचकाला माहीत असायला हवे.

पहिली खूण म्हणजे डोक्याचा घेर. जन्मतः बाळाचे डोके साधारण ३४-३५ सेंटीमीटर असते आणि वर्षाअखेर ते ४६ च्या आसपास पोचते. एमएलसीच्या बाळाचा घेर पहिल्याच वर्षात तक्त्यातल्या सर्वांत वरच्या रेषेच्या पार जातो. पुढे वाढीचा वेग इतरांसारखा होतो, पण डोके मोठे ते मोठेच राहते. मूल बसते, बोलते, बहुधा थोडे उशिरा का होईना चालते. मग तोल जाऊ लागतो, पाय ताठरतात, आकडी येते. शाळेत जाणाऱ्या मुलाला काही वर्षांनी हात धरावा लागतो, अनेकांना पुढे चाकाची खुर्ची लागते. बुद्धी मात्र बराच काळ चांगली राहते. कुणाची चाल लवकर सुटते, कुणाची पुष्कळ उशिरा. सख्ख्या भावंडांतही फरक पडतो.

या आजाराचे सगळे वेगळेपण एमआरआयमध्ये दिसते. एमआरआयचे यंत्र शरीरातल्या पाण्यातील हायड्रोजनचा माग काढते. टी-टू प्रकारच्या चित्रात पाणी पांढरे दिसते. निरोगी मुलाच्या अशा चित्रात पांढरे द्रव्य प्रत्यक्षात काळपट उमटते, कारण त्यातल्या तंतूंवर मायलिनचे स्निग्ध वेष्टण असते आणि पाणी कमी असते. एमएलसीत दोन्ही बाजूंचा पांढरा भाग जवळजवळ सरसकट पांढराशुभ्र दिसतो. तो इतका सुजलेला असतो की मेंदूच्या वळ्या फुगून त्यांच्यामधल्या फटी बुजतात. भिंतीत पावसाचे पाणी मुरावे तसे हे पाणी मायलिनच्या थरांमध्ये मुरलेले असते. मेंदूचे दोन अर्ध जोडणारा पट्टा, म्हणजे कॉर्पस कॅलोसम, आणि मधोमधचे इतर काही जाड तंतुमार्ग मात्र बऱ्याच अंशी वाचतात. अनुभवी रेडिऑलॉजिस्ट आधी तिथेच नजर टाकतो.

त्यानंतर तो पाहतो कानशिलामागचे टोक. टेम्पोरल खंडाच्या पुढच्या टोकात, मेंदूच्या सालीच्या अगदी खाली, पाण्याच्या पोकळ्या असतात. त्यांना सिस्ट म्हणतात. पुष्कळदा कपाळामागे आणि डोक्याच्या माथ्याखालीही त्या आढळतात. टी-टू चित्रात सूजही पांढरी आणि सिस्टही पांढरी, त्यामुळे सिस्ट हरवून जाते. म्हणून फ्लेअर नावाचे दुसरे चित्र काढतात. त्यात मोकळे पाणी काळे पडते आणि मुरलेले पाणी पांढरेच राहते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर कानशिलामागे दोन काळ्या जागा उमटल्या आणि सोबत मोठे डोके असले, की निदान बहुतांशी झाले असे समजावे. मोठ्या डोक्याचे इतर आजार चित्रावरून वेगळे काढता येतात. अलेक्झांडरच्या आजारात बिघाड कपाळाकडे जास्त असतो. कॅनव्हनच्या आजारात एमआर स्पेक्ट्रोस्कोपी केली की एनएए नावाच्या रसायनाचे शिखर उंचावलेले दिसते. एमएलसीत ते खाली येते.

खरा चटका लावते ती चित्र आणि मूल यांच्यातली तफावत. फिल्म पाहून वाटते, हे मूल अंथरुणाला खिळलेले असणार. प्रत्यक्षात ते बाहेर खेळत असते आणि आपले नाव-गाव खणखणीत सांगते. व्हान डर क्नाप यांनी १९९५ च्या निबंधाच्या शीर्षकातच ही तफावत नोंदवली होती. एका फिल्मवरून आईबापांना पुढच्या आयुष्याचा निकाल ऐकवणे म्हणूनच चूक आहे. अशी फिल्म रोगाचे नाव सांगते, त्याचा वेग सांगत नाही. वेग कळण्यासाठी त्याच मुलाची काही वर्षांनी काढलेली दुसरी फिल्म शेजारी ठेवावी लागते.

दोन फिल्म शेजारी ठेवल्या की कथा उलगडते. सुरुवातीच्या वर्षांत सूज भरात असते. पुढे ती ओसरते, बुजलेल्या फटी पुन्हा दिसू लागतात. रिपोर्टमध्ये सूज कमी झाल्याचे वाचून घरच्यांना सुधारणा वाटते. बहुतेक वेळा ती सुधारणा नसते, कारण पांढरे द्रव्य झिजते आहे. मेंदूतली पाण्याची मूळ पोकळी, म्हणजे व्हेंट्रिकल, रुंदावते. सिस्टही वाढतात, काहींच्या संख्येतही भर पडते. सूज ओसरणे आणि झीज सुरू होणे ही दोन्ही चित्रे वरवर सारखी दिसतात. त्यांच्यातला फरक ओळखायला व्हेंट्रिकलची रुंदी मोजावी लागते, सिस्ट तिन्ही दिशांनी मिलिमीटरमध्ये मोजावी लागते. जमल्यास पांढऱ्या भागाचे एकूण आकारमान संगणकावर काढावे.

मोजमापाला अर्थ यायचा तर यंत्र शक्यतो तेच असावे, निदान चुंबकाची ताकद, दीड टेस्ला की तीन टेस्ला, जुळावी. काप तितक्याच जाडीचे, त्याच कोनातून घ्यावेत. लहान मुलाला स्थिर ठेवण्यासाठी औषधाने झोपवावे लागते. यंत्राचा ठकठकाट आणि भुलीची धास्ती असल्याने उगाच वर्षाला एक एमआरआय करण्यात अर्थ नाही. जुनी सीडी जपून ठेवणे आणि दर खेपेला सोबत नेणे जास्त मोलाचे. कित्येक घरांत फक्त छापील रिपोर्ट राहतो, सीडी कपाटामागे पडते आणि तुलनेचा आधारच जातो.

पुण्याजवळच्या चाकण-पिंपरी पट्ट्यात ही गोष्ट विशेष लागू पडते. चाकणच्या कारखान्यांत काम करणारी माणसे बदली, ठेकेदारी, नवे घर अशा कारणांनी फिरत असतात. आज एका सेंटरवर स्कॅन, उद्या दुसऱ्या. मुलांचे मेंदूविकारतज्ज्ञ गाठायला बहुधा पुणे शहर किंवा पिंपरीतील मोठी रुग्णालये धरावी लागतात आणि पुणे-नाशिक रस्त्यावर तळेगाव चौकाची कोंडी वाटेत असते. एक भेट म्हणजे एक पाळी बुडते. म्हणून फाइल एकाच पिशवीत असणे आणि तीच पिशवी दरवेळी डॉक्टरांपुढे ठेवणे, ही उपचाराचीच बाजू समजावी.

रस्त्याचा आणखी एक संबंध आहे. एमएलसीच्या मुलाच्या डोक्याला किरकोळ मार लागला तरी त्याची शुद्ध हरपू शकते, आकडी येऊ शकते, कधी आधीची चाल परत येत नाही. दुचाकीच्या टाकीवर उभे केलेले मूल हे या भागात रोजचे दृश्य आहे. केंद्राच्या नियमानुसार २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांना दुचाकीवर हेल्मेट आणि बांधण्याचा पट्टा बंधनकारक आहे. एमएलसीच्या मुलासाठी पट्ट्याची चार वर्षांची मर्यादा पुरेशी नाही. तोल जाऊ लागला की घरात चालतानाही डोक्यावर मऊ संरक्षण असावे.

कारणाचा शोध २००१ मध्ये लागला. २२ व्या गुणसूत्रावरील एमएलसी-१ या जनुकात बिघाड सापडला. त्याचे प्रथिन मेंदूतल्या ॲस्ट्रोसाइट पेशींच्या टोकांशी, म्हणजे रक्तवाहिन्यांना बिलगलेल्या भागात असते आणि क्षार व पाण्याचा तोल राखण्यात भाग घेते. तो तोल बिघडला की पाणी साचते. २००४ मध्ये सिंघल आणि अमेरिकेतील सहकाऱ्यांनी दाखवले की अग्रवाल रुग्णांत एकच चूक वारंवार येते: जनुकात एका ठिकाणी एक अक्षर जास्तीचे घुसलेले आहे. एका दूरच्या पूर्वजात झालेली ही चूक पिढ्यान्‌पिढ्या वाटली गेली. अग्रोह्याच्या महाराजा अग्रसेनांशी नाते सांगणारा हा समाज परंपरेने अठरा गोत्रांत विभागलेला आहे. विवाह गोत्राबाहेर पण समाजातच होतो. गोत्र टाळले तरी जुना पूर्वज टळत नाही. लिबियातून आलेल्या ज्यू कुटुंबांतही एमएलसीची अशीच एक सामायिक चूक आढळली आहे. दोन्ही आईबाप वाहक असतील, तर प्रत्येक गर्भाला आजाराची शक्यता २५ टक्के असते. चूक ठाऊक असल्याने वाहक तपासणी आणि गर्भातली तपासणी दोन्ही शक्य आहेत. हा आजार इतर समाजांतही होतो, फक्त तिथे चूक निराळी असते.

२०११ मध्ये हेपाकॅम हे दुसरे जनुक सापडले. त्याच्या एका प्रकारात आजार फक्त एका पालकाकडून येतो, किंवा नव्याने उद्भवतो. त्यातल्या मुलांच्या फिल्मवरचा पांढरेपणा दुसऱ्या वर्षानंतर ओसरतो आणि चालही सुधारते. त्यामुळे पहिल्या फिल्मवर दोन प्रकार सारखे दिसले, तरी नक्की सांगण्यासाठी जनुक तपासणी हवीच.

उपचार आजही लक्षणांपुरते आहेत: आकडीचे औषध, फिजिओथेरपी, मार टाळणे. बार्सिलोनातील संशोधकांनी एमएलसी-१ नसलेल्या उंदरांना विषाणूच्या वाहनातून निरोगी जनुक दिले, तेव्हा त्यांच्या मेंदूतल्या मायलिनमधील पोकळ्या कमी झाल्या. अशी चाचणी माणसात झाली, तर उपयोग झाला की नाही हे चालीवरून कळायला अनेक वर्षे लागतील, कारण आजारच इतक्या संथ गतीने चालतो. मुरलेले पाणी किती, झीज किती, सिस्ट किती मिलिमीटरने वाढली हे मोजणारा एमआरआय तिथे लवकर उत्तर देऊ शकेल. त्यासाठी उपचार न घेतलेल्या मुलांच्या फिल्म वर्षामागून वर्ष, एकाच पद्धतीने जमवलेल्या असाव्या लागतात. अशा फिल्म आजपासून जमवायला हव्यात आणि त्यातल्या पुष्कळशा या देशातल्या कुटुंबांच्याच फायलींमध्ये असतील.