घुमटाची उंची आणि तळ्याकाठच्या बागा

इमारती किती उंच असाव्यात, हा प्रश्न आपल्याकडच्या वाढत्या गावांनाही पडतो. अमेरिकेतील मॅडिसन शहराने दिलेले उत्तर पाहण्याजोगे आहे. मेंडोटा व मोनोना या दोन सरोवरांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर विस्कॉन्सिन राज्याची ही राजधानी वसली आहे. मध्यभागी विधानभवनाचा घुमट. ही इमारत १९१७ साली पुरी झाली. तिच्यापासून मैलाच्या आत, घुमटाखालच्या स्तंभांच्या पायथ्याहून उंच काही बांधू नये, असा निर्बंध शहराने १९६६ साली घातला. १९९० साली राज्याने तसा कायदाच केला. ध्वजस्तंभ, चर्चचे मनोरे आणि (गंमत अशी की) धुराडी यांना मात्र परवानगीने सूट आहे.

बागांची हकीकत याहून जुनी. १८९४ साली जॉन ओलिन या वकिलाच्या पुढाकाराने नागरिकांनी मंडळ काढले आणि वर्गणीतून रस्ते व उद्याने सिद्ध केली. टेनी उद्यान तर दलदलीवर उभे राहिले. सरकारच्या तोंडाकडे न पाहता हे घडले, याचे आम्हांला कौतुक वाटते.

मात्र २०२० च्या शिरगणतीत वस्ती सुमारे २ लाख ७० हजारांवर गेली. मध्यवस्तीत मजले अडले की भाडी चढतात, ती सामान्य माणसाला भरावी लागतात. तरी आम्ही निर्बंधाच्याच बाजूचे. मैलाबाहेर तो आड येत नाही. उंच घरे तेथे, बसच्या रस्त्यालगत बांधावीत.