नाकतोड्यांनी टेकलं नाक!

माहीत आहे का? जगात एक चॅपल असं आहे, ज्याच्या दारावर चक्क दोन नाकतोडे कोरलेत! तेही कसे? मदर मेरीच्या पायाशी नम्रपणे वाकलेले. नाकतोडेच नाक घासतायत म्हणा ना! पत्ता : टेकडीवर, कोल्ड स्प्रिंग गावाजवळ, मिनेसोटा, अमेरिका.

एक चॅपल, तीन नावं
कागदोपत्री ‘असम्प्शन चॅपल’. बांधणाऱ्या जर्मन कॅथलिक शेतकऱ्यांचं ‘मारिया हिल्फ’, म्हणजे मेरीमाते, धाव! आणि सगळ्यांचं लाडकं ‘ग्रासहॉपर चॅपल’.

टोळांचा मेन्यू
१८७३ ते १८७७. मिनेसोटात टोळांचा, म्हणजे झुंडीने येणाऱ्या नाकतोड्यांचा कहर! गहू फस्त, भाजी फस्त. त्या काळच्या आठवणी सांगतात, की टोळ मेंढ्यांच्या अंगावरची लोकर आणि घामाने खारट झालेले अवजारांचे दांडेसुद्धा कुरतडायचे!

रेकॉर्ड ऐका, हादराल!
१८७५मध्ये नेब्रास्कातल्या अल्बर्ट चाइल्ड यांनी टेलिग्राफवरून गावोगावची खबर घेत एका टोळधाडीचा हिशेब मांडला. व्याप्ती? सुमारे ५ लाख १२ हजार चौरस किलोमीटर! आपला अख्खा महाराष्ट्र ३ लाख ८ हजारांच्या आसपास. म्हणजे दीड महाराष्ट्र झाकूनही टोळ उरले असते. गिनीज बुकात नोंद तर हवीच!

देसी नव्हे, विदेशी जुगाड
शेतकऱ्यांनी लोखंडी पत्र्याला डांबर फासलं आणि तो शेतातून ओढत नेला. टोळ उडी मारणार आणि थेट डांबरात चिकटणार. मशीनचं नाव ‘हॉपरडोझर’!

टोळ फ्राय, प्लीज!
कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यांचा सल्ला आणखी चमचमीत : ते तुमचं पीक खातात ना, मग तुम्ही त्यांनाच खा! तळा, सूप करा, ताव मारा.

गव्हर्नरची हाक
माहीत आहे का, पिल्सबरी आट्याचं नाव कुठून आलं? त्याच पिल्सबरी घराण्यातले जॉन पिल्सबरी तेव्हा मिनेसोटाचे गव्हर्नर होते. त्यांनी २६ एप्रिल १८७७ हा दिवस उपास आणि प्रार्थनेचा म्हणून जाहीर केला. पीठवाल्यालाही गव्हाची काळजी!

बोला, नवस!
कोल्ड स्प्रिंग परिसरातल्या शेतकऱ्यांनी फादर लिओ विंटर यांच्यासोबत मेरीला नवस बोलला : टोळ घालव, तुझं चॅपल बांधू. त्याच उन्हाळ्यात टेकडीवर लाकडी चॅपल उभं राहिलं. आणि टोळ? त्याच उन्हाळ्यात उडाले ते उडालेच!

ट्विस्ट! तोही वादळी
१८९४मध्ये टॉर्नेडो आला आणि चॅपल भुईसपाट. मेरीची लाकडी मूर्ती मात्र वाचली! पुढची पन्नासहून जास्त वर्षं टेकडी रिकामी. मग १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला गावाने चॅपल पुन्हा बांधलं, या वेळी ग्रॅनाइटचं. कोल्ड स्प्रिंग म्हणजे ग्रॅनाइटचीच नगरी. आता ये म्हणावं, टॉर्नेडो!

कुठे गेले ते टोळ?
सर्वांत मोठा धक्का इथे आहे. आकाश झाकणारा हा ‘रॉकी माउंटन’ टोळ पृथ्वीवरून नामशेष झालाय! १९०२नंतर एकही जिवंत सापडला नाही. एका मतानुसार, डोंगरदऱ्यांतल्या त्याच्या अंडी घालायच्या जागा नांगराखाली आल्या. त्याच्या खुणा? मोंटानातल्या ‘ग्रासहॉपर ग्लेशियर’ या हिमनदीत. तिथल्या बर्फात टोळ गोठलेले सापडले होते. एकदम डीप फ्रीझ!

आणि आपल्याकडे?
मे २०२०. विदर्भात टोळधाड, शेतकऱ्यांच्या हातात थाळ्या आणि डबे. तो टोळ वेगळा, वाळवंटी. पण उभं पीक डोळ्यांदेखत जाताना होणारी तगमग अमरावतीत आणि मिनेसोटात सारखीच. म्हणून ग्रासहॉपर चॅपलच्या शेतकऱ्यांना आपला कडक सलाम : त्यांनी एकच नवस बोलला, आणि गावाने तो फेडला दोनदा. आधी लाकडात, मग ग्रॅनाइटमध्ये!