पिल्लांनी डोळे लवकर का उघडले?

उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे डोळे घट्ट मिटलेले असतात. ते उघडायला जवळजवळ दोन आठवडे लागतात. पण अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत काही पिल्लांनी सातव्याच दिवशी डोळे उघडले. दातही लवकर आले! त्यांना टोचला होता मोठ्या उंदरांच्या लाळग्रंथींचा अर्क.

टोचणारे होते स्टॅन्ली कोहेन. खरं तर ते दुसऱ्याच कामात होते. रिटा लेव्ही-मोंताल्चिनी या इटालियन शास्त्रज्ञ बाईंबरोबर ते मज्जातंतू वाढवणारं प्रथिन शोधत होते. त्या नादात पिल्लांच्या डोळ्यांकडे कोहेन यांनी दुर्लक्ष केलं असतं, तर कोण काय म्हणणार होतं? पण ते त्याच्या मागे लागले. अर्कातून त्यांनी एक नवंच प्रथिन वेगळं काढलं. त्याचं नाव एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, म्हणजेच ईजीएफ. अमिनो आम्लाचे फक्त ५३ मणी ओवलेली ही इवलीशी माळ त्वचेच्या पेशींना वाढायला लावते. पापण्यांची त्वचा भरभर तयार झाली, म्हणून डोळे लवकर उघडले. १९८६ साली कोहेन आणि रिटाबाई दोघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळालं.

ईजीएफ तुमच्या-माझ्या लाळेतही असतं. गुडघा खरचटला की तिथली कातडी भरून यायलाही ते मदत करतं. पण ते पेशीला निरोप देतं कसं? पेशीच्या पृष्ठभागावर रिसेप्टर नावाची प्रथिनं असतात. रिसेप्टर म्हणजे दारावरची बेलच समजा. ईजीएफ येऊन ती दाबतं, निरोप आत पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो आणि पेशी विभागते, एकीच्या दोन होतात. काम झालं की बेल थांबते.

आणि थांबलीच नाही तर?

कोंबड्यांना रक्ताचा कर्करोग करणारा एक विषाणू आहे. १९८४ साली त्याचं एक जनुक शास्त्रज्ञांनी तपासलं, तर ते निघालं ईजीएफच्या रिसेप्टरचं! पण अर्धवट. ईजीएफला पकडणारा बाहेरचा भाग त्यात जवळजवळ नव्हताच. म्हणजे बटण गायब आणि बेल मात्र सतत चालू. कुणी न सांगताच पेशी विभागत राहते.

माणसांच्या काही कर्करोगांतही असं घडतं, तेही कुठल्या विषाणूशिवाय. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत हाच रिसेप्टर बिघडलेला असतो. स्तनाच्या काही कर्करोगांत त्याचा भाऊबंद, हर-टू नावाचा रिसेप्टर, पेशीवर गर्दी करून बसतो. अर्थात एवढ्या एकाच बिघाडाने सहसा कर्करोग होत नाही. पेशीत असे बरेच बिघाड साठावे लागतात. आणि हो, कर्करोग झालेल्या आजीला मिठी मारली म्हणून तो आपल्याला होत नाही. खुशाल मारा.

बेल कुठे अडकली ते कळल्यावर ती बंद करायची औषधंही आली. हर-टूला बाहेरून धरून ठेवणारं औषध १९९८ पासून वापरात आहे. फुप्फुसाच्या कर्करोगासाठी गोळ्या निघाल्या. त्या पेशीत शिरून रिसेप्टरचा आतला भाग अडवतात. पण कर्करोगाच्या पेशी भारी चिवट! काही महिन्यांनी किंवा वर्षांनी त्यांतल्या काहींचा रिसेप्टर पुन्हा थोडासा बदलतो आणि गोळी लागू पडेनाशी होते. मग शास्त्रज्ञांनी त्या बदललेल्या रिसेप्टरलाही अडवणारी नवी गोळी बनवली.