जाताना साडेसात तास, येताना साडेनऊ

दिल्ली ते टोकियो हे हवाई अंतर सुमारे ५,८५० किलोमीटर. थेट विमानाला जाताना साडेसात तासांच्या आसपास लागतात, येताना मात्र नऊ-साडेनऊ. तिकिटावर नेमके उलटे दिसते. जपानचे घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. त्यामुळे दिल्लीहून रात्री आठला निघून सकाळी सातला उतरले, तर प्रवास अकरा तासांचा वाटतो आणि टोकियोहून दुपारी बाराला निघून संध्याकाळी सहाला पोचले, तर सहाच तासांचा. घड्याळाचा हा घोळ बाजूला केला तरी दोन तासांचा फरक उरतोच. म्हणजे नुसत्या किलोमीटरवरून प्रवासाचा वेळ काढता येत नाही.

मुळात ५,८५० हा आकडा पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजल्यासारखा आहे. तो दोरा तिबेटच्या पठारावरून जातो आणि विमाने ते सहसा टाळतात. पठाराची सरासरी उंची सुमारे साडेचार हजार मीटर. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला, तर विमानाला तीन हजार मीटरपर्यंत खाली यावे लागते. डोक्यावरून लोंबणाऱ्या मास्कमधला ऑक्सिजन बहुतेक विमानांत पंधरा-वीस मिनिटेच पुरतो. खाली पठार असेल तर उतरायचे कुठे? म्हणून हिमालयाच्या दक्षिणेकडून वळसा. पण हा वळसा जाता-येता दोन्हीकडे पडतो. दोन तासांचा हिशेब त्याने लागत नाही.

तो लागतो वाऱ्याने. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा झोत वाहतो आणि हिवाळ्यात जपानवर त्याचा वेग कधी ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जातो. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात आकाशात फुगे सोडून, ते कसे वाहत जातात हे दुर्बिणीतून टिपून हा वारा मोजला. १९२६चा त्याचा अहवाल एस्पेरांतो भाषेत होता. जगाने फारसा वाचलाच नाही.

कुणी म्हणेल, पृथ्वी पूर्वेकडे फिरते, तर टोकियो विमानापासून दूर पळायला हवे. पण पृथ्वीबरोबर हवाही फिरते. धावत्या गाडीच्या बंद डब्यातली माशी काही मागे पडत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: जाताना मिळाले ते येताना गेले, फिट्टंफाट! तसे होत नाही. विमानाचा वेग ९०० आणि वारा १०० धरला, तर ५,८५० किलोमीटरला जाताना ५ तास ५१ मिनिटे, येताना ७ तास १९. वारा नसता तर दोन्ही मिळून १३ तास. आता दहा मिनिटे जास्त, कारण उलट्या वाऱ्यात विमान अधिक काळ अडकते.

तेव्हा टोकियो किती लांब, असे कुणी विचारले की आधी उलट विचारावे: जाताना की येताना, आणि कोणत्या महिन्यात?