ओंडक्यांचे चर्च

गोठ्याची मेढ आधी कुठे कुजते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. ती कुजते बुडाशी. वरचे लाकूड खणखणीत असते, पण जमिनीची ओल खालून शिरते आणि सगळी मेढच कामातून जाते. मग लाकडाची भिंत नऊशे वर्षे उभी आहे असे कुणी म्हटले, तर खरे वाटेल का? पण अशी भिंत आहे.

लंडनच्या ईशान्येस, एसेक्स परगण्यात, ग्रीनस्टेड नावाचे खेडे आहे. तिथले चर्च अगदी लहान. लोक प्रार्थनेला बसतात त्या दालनाच्या भिंती ओकच्या ओंडक्यांच्या आहेत. ओंडके उभे चिरून शेजारीशेजारी लावलेले. गोल बाजू बाहेर, सपाट बाजू आत. कडांना खाचा पाडून त्यांत लाकडाच्या पातळ पट्ट्या बसवलेल्या, म्हणजे फटीतून वारापाऊस येऊ नये. इतकी जुनी ओंडक्यांची भिंत असलेले दुसरे चर्च इंग्लंडात उरलेले नाही.

हे लाकूड किती जुने? पूर्वी ते इ. स. ८४५ च्या सुमाराचे मानीत. झाडाच्या बुंध्यात दरसाल एक वलय वाढते. चांगल्या सालाचे जाड, वाईट सालाचे बारीक. अशी वलये १९९५ च्या सुमारास पुन्हा तपासली, तेव्हा झाडे १०६० नंतर तोडल्याचे दिसले. वय दोनशे वर्षांनी घटले, पण खरे कळले.

पुढे प्रत्येक पिढीने भर घातली. वेदीचा भाग १५०० च्या सुमारास विटांनी बांधला. फळ्यांच्या मनोऱ्यातील घंटेवर १६१८ साल आहे. आणि ओंडके? तेही बुडाशी कुजलेच. १८४८ च्या सुमारास लोकांनी कुजका भाग तेवढा कापला, खाली विटांचे जोते घातले आणि जुने ओंडके त्यावर पुन्हा उभे केले. सगळे पाडून दगडी चर्च बांधले असते, तर आज पाहायला काय राहिले असते?

या भिंतींनी माणसांचे दिवसही पाहिले. मजुरी घटत चालली म्हणून डॉर्सेट परगण्यातील टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांनी शपथ घेऊन संघ केला. १८३४ साली त्यांना सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि ऑस्ट्रेलियाला धाडले. लोकांनी ओरड केली, तेव्हा १८३६ साली माफी मिळाली. परतल्यावर त्यांतले काही ग्रीनस्टेडच्या परिसरात शेती करू लागले. त्यांपैकी जेम्स ब्राइन याचे लग्न, सोबत्याची मुलगी एलिझाबेथ स्टँडफील्ड हिच्याशी, १८३९ साली याच चर्चमध्ये लागले.

शिक्षकबंधूंनी मुलांना एखाद्या तोडलेल्या सागाच्या बुंध्यावरची वलये जरूर मोजायला लावावीत. आणि हेही सांगावे, की ग्रीनस्टेडचे लाकूड नुसते चिवट म्हणून टिकले नाही. कुजले तेवढेच काढावे, चांगले ते राखावे, एवढी समज गावापाशी होती, म्हणून ते टिकले.